लांब पाइप घातला की नट सुटतो?

‘नट जाम आहे? पान्यावर पाइप चढव, सुटतो.’ गॅरेजात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बोटं सोलवटतात.

पाइपने ताकद वाढते, यात वाद नाही. 25 सेंटिमीटरच्या पान्यावर 40 किलो जोर लावला, तर साधारण 100 न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या ताकदीचं माप) मिळतात. तोच जोर एक मीटरच्या टोकाला लावला की 400. पण ती ताकद नटापर्यंत पोचते पान्याच्या तोंडातून. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला की तोंड किंचित फाकतं, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. मग कितीही लांब पाइप आणा, काही उपयोग नाही.

म्हणून आधी पकड बघा. सहा कोनांची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पान्याचा तुकडा, घ्या; बारा कोनांची गोटी कोपऱ्यांच्या अगदी जवळ टेकते, त्यामुळे झिजलेल्या नटावर लवकर घसरते. तिला लांब, बिनरॅचेटचा दांडा लावा; रॅचेट म्हणजे दांड्यातली एकाच दिशेने जोर देणारी दात्यांची यंत्रणा. रॅचेटवर पाइप तर कधीच नको, आतले बारीक दाते तुटतात.

गंजाला नुसत्या जोरापेक्षा हादरे लवकर हलवतात. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, थोडा वेळ मुरू द्या, हातोडीने ठोका. चाकाचे नट मात्र गाडी जॅकवर चढवण्याआधी, टायर जमिनीवर असतानाच ढिले करा. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तिथे दिशा चुकली, तर पाइपने तुम्ही नट आणखी आवळत बसाल.