पडद्यावरची म्हातारी बाई आणि नागपूर

साठी ओलांडलेली स्त्री हिंदी-मराठी पडद्यावर बहुधा कुणाची तरी आई, सासू किंवा आजी म्हणूनच येते. ती भूमिकासुद्धा तिच्या वयाच्या नटीला मिळेलच असे नाही. ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) मध्ये देव आनंदची आई झालेल्या सुलोचना त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होत्या. ‘कभी कभी’त (१९७६) अमिताभ बच्चनची प्रेयसी असलेली राखी सहा वर्षांनी ‘शक्ती’त त्याची आई झाली, आणि वयाने तर तोच मोठा. नायकाला असा हिशेब कधी द्यावा लागला नाही.

मालिकांनी सासूला मध्यभागी आणले. ‘चार दिवस सासूचे’मधली रोहिणी हट्टंगडींची आशा देशमुख तीन हजारांहून अधिक भाग चालली. ‘अग्गंबाई सासूबाई’त (२०१९–२१) सूनच सासूचे दुसरे लग्न लावते, त्यातले नवरदेव, गिरीश ओक, मूळचे नागपूरचे.

नागपुरात या मालिका घरातली वडीलधारी बाईच सगळ्यात मन लावून पाहते. मे महिन्यात दारे-खिडक्या बंद, कूलरची घरघर, त्यावर मात करायला टीव्हीचा आवाज वाढवलेला, आणि मांडीवरच्या ताटात निवडायला घेतलेली तूरडाळ. तिच्या तोंडी “काय करून राहिली वो माय?” असते, पडद्यावरची आजी मात्र “काय करतेयस गं?” असेच विचारते. वऱ्हाडी-नागपुरी बोली आली, तर बहुतेकदा हशा मिळवायला. ही उणीव वयाच्या उणिवेइतकीच खरी आहे, कारण म्हातारपणी माणसाजवळ उरते ती बोलीच. मंगळागौरीभोवती रचलेल्या ‘बाईपण भारी देवा’ला (२०२३) बायका घोळक्याने गेल्या. विदर्भातल्या भुलाबाईच्या सणाची गाणी पाठ असणारी आजी तेवढ्या थाटात अजून पडद्यावर आलेली नाही.

तिच्या जवळ जाणारा एक चित्रपट म्हणजे विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). नवरा जिवाचे बरेवाईट करून घेईल या धास्तीने सून आपल्या लहान मुलाला आणि सासूला त्याच्यावर नजर ठेवायला सांगते. ज्योती सुभाष यांनी केलेली ही म्हातारी ना देवी आहे ना खाष्ट सासू. मुलगा जिथे जाईल तिथे ती त्याच्या मागे असते.