ब्रेक आधी आला, पट्टा मागाहून

टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघाती निधन झाले. अहमदाबादहून मुंबईकडे येणारी त्यांची गाडी सूर्या नदीच्या पुलावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले, मागे बसलेले दोघे दगावले आणि त्या दोघांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. त्यानंतर दोनच महिन्यांत, १ नोव्हेंबरपासून गाडीतील प्रत्येकाला पट्टा सक्तीचा असल्याचे मुंबई पोलिसांनी जाहीर केले आणि शहरात जणू एखादा नवाच कायदा आल्यासारखी चर्चा सुरू झाली. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ नुसार मागच्या, पुढे तोंड असलेल्या आसनांवरील प्रवाशांनाही पट्टा आधीपासूनच बंधनकारक होता. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचे अपघाती निधन झाले, तेव्हाही ते मागच्याच आसनावर होते, आणि तेव्हाही मागच्या पट्ट्याविषयी बरेच बोलले गेले. मात्र ती चर्चा लवकरच विरली.

ब्रेकच्या बाबतीत असे कधी घडले नाही, कारण ब्रेकवाचून गाडी चालवण्याचे धाडस कोणी करत नाही. मुंबई परिसराला तर ब्रेकचे महत्त्व मोटारींच्या आधीच कळले होते. भोर घाटातून रेल्वे नेताना अभियंत्यांनी ब्रेक निकामी होऊ शकतो हे गृहीतच धरले. उतारावर सुटलेली गाडी वळवून चढावर नेणाऱ्या वेगळ्या रुळांची सोय त्यांनी केली आणि उतरणाऱ्या गाडीने ठरावीक जागी थांबून आपला ब्रेक चालतो हे दाखवल्याशिवाय पुढचा मार्ग द्यायचा नाही, अशी शिस्त लावली. मोटारींना अशी शिस्त लावणारे कोणी नव्हते. तिथे सगळी भिस्त चालकाच्या उजव्या पायावर राहिली.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक घोडागाडीच्या वळणाचे होते: चाकावर दाबला जाणारा ठोकळा किंवा बाहेरून आवळला जाणारा पट्टा. लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक आणला. त्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या ड्रमच्या आतच बसत असल्याने धूळ आणि पाणी बरेचसे बाहेरच राहू लागले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटून धरणाऱ्या ब्रेकचे, पेटंट घेतले, परंतु त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेक असलेली जॅग्वार जिंकल्यावर. मधल्या काळात, १९२१ मध्ये, अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले आणि पायाचा जोर तारांऐवजी नळ्यांमधून जाऊ लागला. या व्यवस्थेची एक मोठी उणीव होती: नळी एका ठिकाणी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जात. म्हणून तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची पद्धत आली. अमेरिकेने ती १९६८ पासून सक्तीची केली.

मुंबईच्या दोन पिढ्या ज्या गाडीवर गाडी चालवायला शिकल्या ती प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रमची अडचण उष्णतेची आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की पट्ट्यांवरचे लायनर, म्हणजे घासले जाणारे अस्तर, तापतात, जळका वास येऊ लागतो, आणि पेडल दाबले जात असूनही गाडी मात्र पूर्वीइतकी थांबत नाही. तेल तापून त्यात वाफ धरली तर प्रकरण आणखी बिघडते, कारण वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, तर ओलावा धरलेल्या तेलाची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. मुंबईच्या दमट हवेत हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे, या मेकॅनिकच्या आग्रहामागे एवढे साधे कारण आहे.

‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा’ हा जुन्या चालकांचा नियम याच अनुभवातून आला आणि तो आजही तितकाच खरा आहे. त्याच पिढीच्या आणखी दोन सवयी मात्र आज घातक ठरतात. पहिली सवय पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची. आजच्या बहुतेक गाड्यांत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर एकदोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखे होते. दुसरी सवय ब्रेक पंप करण्याची. ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊ नयेत म्हणून पाय वरखाली करण्याचे कौशल्य एकेकाळी आवश्यक होते. पण १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी एस-क्लास गाडीत इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणल्यापासून ते काम यंत्र करते, तेही माणसाच्या पायापेक्षा कितीतरी जलद. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत एबीएस बंधनकारक झाले. आणीबाणीत पेडल पूर्ण दाबून धरायचे, पायाखाली थरथर आणि खरखर जाणवली तरी पाय उचलायचा नाही आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवायचा, एवढेच चालकाने करायचे असते. ही थरथर म्हणजे बिघाड आहे असे समजून नेमक्या क्षणी पाय उचलणारे चालक मी पाहिले आहेत. एबीएस गाडी वळवता येण्याची खात्री देते. थांबण्याचे अंतर दर वेळी कमी होईलच असे नाही, आणि सुट्या खडीवर तर ते वाढूही शकते. पावसाळ्यात हिंदमातासारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर मागे वाहन नाही असे पाहून सावकाश गतीत दोनचार वेळा हलका ब्रेक दाबावा, म्हणजे पट्ट्या कोरड्या होतात.

या सगळ्या सुधारणांनी गाडी थांबवली. गाडीतला माणूस मात्र आदळेपर्यंत पहिल्याच वेगाने पुढे जात राहिला. ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरच्या वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटरवरून, गिरगावातल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. आरंभीचे पट्टे फक्त कमरेचे असत. त्यांनी माणूस आसनावर राही, पण पोटाला मार बसे आणि डोके पुढे आपटे. स्वीडनमधील नील्स बोलीन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी खांदा आणि कंबर एकाच पट्ट्याने बांधणारी, कमरेच्या बाजूला एका हाताने लावता येणारी रचना केली. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. माणसाचे शरीर किती धक्का सोसते हे त्यांना ठाऊक होते. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिले. हा पट्टा खांद्याच्या हाडाच्या मध्यावरून आणि मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून गेला पाहिजे. काखेखालून घेतला तर तो बरगड्यांवर येतो, पोटावर घेतला तर आतल्या अवयवांवर. गरोदर स्त्रीने खालचा भाग पोटाच्या खालून घ्यावा. मांडीवरच्या मुलाला आपल्याच पट्ट्यात घेऊ नये, कारण धक्क्यात मोठ्या माणसाचा सगळा भार त्या मुलावर येतो.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा लावणे सक्तीचे केले. भारतात पुढच्या आसनांना पट्टे बसवणे १९९४ पासून आणि मागच्या आसनांना २००२ पासून बंधनकारक झाले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले आणि पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड ठरला. पट्टा न लावल्यावर वाजणारी घंटी पुढच्या आसनांसाठी जुलै २०१९ पासून आली, आणि ती गप्प करण्यासाठी नुसती खोटी चकती खाचेत अडकवणारेही निघाले. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रीसाठी मांडलेल्या अशा चकत्यांच्या १३,११८ नोंदी काढायला लावाव्या लागल्या. मागच्या आसनांसाठी ही घंटी नव्या गाड्यांत १ एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली. काळ्यापिवळ्या टॅक्सीत मात्र अजूनही पट्टा शोधावाच लागतो. बकल रेक्झिनच्या खोळीखाली दबलेले असते, आसनाच्या फटीत हात घालून ते वर काढावे लागते, आणि अनेक महिन्यांनी बाहेर आलेला तो पट्टा दादरहून फोर्टला पोहोचेपर्यंत पांढऱ्या सदऱ्यावर धुळीची एक तिरकी रेघ ठेवून जातो.