नसलेलं लॅन कार्ड उडेल कसं?

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, "मामा, व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क अ‍ॅडॅप्टर गेलं, दुकानात विचारलं तर ते म्हणतायत परवा विजा कडाडत होत्या ना, त्यात लॅन कार्ड उडालं असणार, नवीन टाकावं लागेल." मी म्हटलं एक रुपया देऊ नकोस, आधी स्क्रीनचा फोटो पाठव. जे कार्ड मुळात जागेवर नाहीच ते विजेने उडणार कसं?

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी त्याने घरच्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलंय आणि त्यात उबुंटूच्या, म्हणजे एका प्रकारच्या लिनक्सच्या, दोन व्हर्च्युअल मशीन उर्फ व्हीएम केल्यात. व्हीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, बाहेरचा तो होस्ट आणि पोटातला तो गेस्ट, एवढं बहुतेकांना माहीत असतं. गोंधळ पुढे होतो. गेस्टमधल्या उबुंटूला विचारलं बाबा तुझं नेटवर्क कार्ड कुठलं, तर तो छातीठोकपणे सांगतो इंटेल ८२५४०ईएम, स्पीड १००० मेगाबिट. भाच्याच्या डब्यात इंटेलचं असलं काही कार्ड नाही, यूएसबीला खोचलेलं एक वायफाय डोंगल आहे आणि ते १५० मेगाबिटचं आहे.

मग हे इंटेल आलं कुठून? तर हे २०००च्या दशकातलं जुनं कार्ड, खूप खपलेलं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लिनक्समधे आणि बहुतेक विंडोजमधे आधीपासूनच असतो, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स त्याचं सोंग घेतं. सोंगही असं की बहुरूप्याने बघत राहावं. पॅकेट, म्हणजे पाठवायच्या माहितीचं पुडकं, तयार झालं हे कार्डाला कळवायला ड्रायव्हर कार्डाच्या एका रजिस्टरमधे, म्हणजे ठरलेल्या रकान्यात, आकडा लिहितो, खऱ्या कार्डात तो आकडा चिपपर्यंत पोचतो, इथे त्या पत्त्यावर चिपच नाही, त्यामुळे लिहायला गेल्या गेल्या प्रोसेसर गेस्टला जागच्या जागी थांबवतो आणि ताबा व्हर्च्युअलबॉक्सकडे देतो. ते बघतं, अच्छा पॅकेट पाठवायचंय होय, मेमरीतून उचलतं, पुढे ढकलतं आणि गेस्टला परत चालू करतं. आपण मधे गोठलो होतो याचा उबुंटूला पत्ताही नसतो.

तर फोटो आला. "फेल्ड टू ओपन ऑर क्रिएट द इंटर्नल नेटवर्क", आणि खाली कॅपिटलमधे लांबलचक कोड, त्याच्या शेवटी "एफएलटी इफ नॉट फाउंड". हे इफ जर-तर मधलं नाही, इंटरफेसचं लघुरूप आहे, आणि एफएलटी म्हणजे फिल्टर. व्हर्च्युअलबॉक्स होस्टच्या खऱ्या अ‍ॅडॅप्टरवर एक छोटा फिल्टर ड्रायव्हर बसवतं, गेस्टची पॅकेट तिथूनच आतबाहेर होतात. म्हणजे एररचा अर्थ साधा आहे, "ज्या अ‍ॅडॅप्टरवर मला बसायचंय तो सापडत नाहीये". उडाला नाही, सापडत नाही!

विचारलं, कशाला हात लावला होतास का? तर नाही म्हणाला. पाच मिनिटांनी परत फोन, "हां मामा, डोंगल पुढच्या पोर्टातून काढून मागे लावलं, केर काढताना आईचा झाडू लागायचा." झालं! बऱ्याच स्वस्त डोंगलना स्वतःचा सीरियल नंबर नसतो, पोर्ट बदललं की विंडोजला वाटतं हे नवीनच काहीतरी आलं, आणि ते त्याच नावापुढे "#२" लावून नवा अ‍ॅडॅप्टर तयार करतं. व्हर्च्युअलबॉक्सने लक्षात ठेवलेलं असतं ते जुनं नाव. व्हीएमच्या सेटिंग्जमधे नेटवर्कला जाऊन नावाच्या यादीतून "#२" वालं निवडलं की व्हीएम चालू. डोंगल परत पुढे खोचलं असतं तरी चाललं असतं खरं तर, पण झाडू.

नाव बरोबर असूनही हीच एरर आली तर विंडोजच्या नेटवर्क कनेक्शन्समधे त्या अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, यादीत "व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर" असं दिसेल, त्याची टिक गेलीये का बघा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे होतं. टिक असेल तर अ‍ॅडॅप्टर एकदा डिसेबल करून एनेबल करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आता जरा चिडचिड करून घेतो. असली एरर दिसली की लोक काय करतात, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून विनसॉक रिसेट, आयपी रिसेट, डीएनएस फ्लश असं ओळीने म्हणत सुटतात, अर्थ माहीत नसलेलं स्तोत्र म्हणावं तसं, आणि मग रिस्टार्ट केल्यावर चालू झालं की श्रेय स्तोत्राला. वर ते "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमधे अपडेट" वाले सॉफ्टवेअर, पैसे घेऊन अंगारा देणारे. यातल्या एकालाही तुमच्या डोंगलचं नाव बदललंय हे कळत नाही. सीपीयूला लिंबू-मिरची बांधा त्यापेक्षा, स्वस्त पडेल.

पुढचा अंक हॉस्टेलवर घडला. भाच्याने त्याच दोन्ही व्हीएम पेनड्राइव्हवर मित्राला दिल्या. मित्राच्या पीसीवर व्हीएम छान चालू होतात, एरर काही नाही, पण आयपीच, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताच, मिळत नाही. सेटिंग दोघांचं सेम, ब्रिज्ड. भाच्याकडे वायफायवर चालतं, मित्राकडे वायफायवर चालत नाही. हे का, यासाठी मी खरं तर हा लेख लिहितोय, आणि पुढचे काही परिच्छेद जरा जड आहेत, कंटाळा आला तर नॅटपर्यंत उडी मारा, मी रागावणार नाही.

ब्रिज्ड म्हणजे गेस्टने थेट घरच्या राउटरशी, स्वतःच्या नावाने बोलायचं. नाव म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, ४८ बिटांचा, एकूण २८१ लाख कोटी शक्यता. त्यातली पहिली अर्धी अक्षरं कार्ड बनवणाऱ्याची असतात, म्हणजे आडनावच. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीएम असेल तर ०८:००:२७, व्हीएम करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरांपैकी व्हीएमवेअर बऱ्याचदा ००:५०:५६ किंवा ००:०सी:२९, हायपर-व्ही ००:१५:५डी. वायरच्या नेटवर्कमधे पॅकेटच्या पाकिटावर दोनच पत्ते असतात, कुणाला आणि कुणाकडून. स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात तो डबा, बिचारा सरळमार्गी, एकाच वायरमधून दोन वेगवेगळी नावं आली तरी त्याला काही वाटत नाही, नोंद करून ठेवतो की या भोकात दोघं राहतात. त्यामुळे वायरवर ब्रिज्ड सहसा बिनबोभाट चालतं.

वायफायचं तसं नाही. तिथे हवेतून कोण बोललं आणि मुळात पत्र कुणाचं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तसंच हवेत कोणी ऐकायचं आणि शेवटी पत्र कुणाला जायचं हेही वेगळं. म्हणजे चार पत्ते हवेत. पण साध्या वायफाय फ्रेममधे, म्हणजे हवेतून जाणाऱ्या पाकिटावर, वापरात असतात तीनच! डोंगलकडून राउटरला जाताना पहिला रकाना राउटरचा, तो ऐकणार. तिसरा शेवटच्या मुक्कामाचा. आणि दुसरा रकाना "बोलणारा" आणि "मूळ मालक" या दोघांचा मिळून एकच. जो बोलतोय त्याचंच पत्र, असं गृहीत धरलंय. पोटभाडेकरूला रकानाच नाही. उलट दिशेनेही तेच, ऐकणारा आणि शेवटचा मुक्काम मिळून एक रकाना.

समजा गेस्टने दांडगाई करून त्या रकान्यात स्वतःचं ०८:००:२७ लिहिलं. राउटर म्हणेल तू कोण? माझ्याकडे नाव नोंदवलेलं नाही, आणि फ्रेम टाकून देईल. शिवाय डब्ल्यूपीए२ मधे, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतीत, जोडणी होताना जी गुप्त किल्ली बनते तिच्या हिशोबात पासवर्डच्या जोडीला राउटरचा आणि डोंगलचा मॅक अ‍ॅड्रेस धरलेला असतो, म्हणजे ०८:००:२७ च्या नावाची किल्लीच अस्तित्वात नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, पोचपावती. वायफायमधे फ्रेम मिळाली की २.४ गिगाहर्ट्झवर अवघ्या १० मायक्रोसेकंदांनी पोचपावती सुटावी लागते, इतक्या कमी वेळात सॉफ्टवेअरला विचारायला सवड नसते, त्यामुळे हे काम डोंगलची चिप परस्पर करते, आणि चिप पोचपावती देते ती फक्त स्वतःच्या नावाने आलेल्या फ्रेमला. दुसऱ्याच्या नावाने आलं तर गप्प.

चार पत्त्यांची फ्रेम वायफायमधे आहे, नाही असं नाही, दोन राउटर एकमेकांना बिनतारी जोडायला वापरतात, पण त्यासाठी दोन्ही बाजूंची तयारी लागते. लिनक्स या बाबतीत प्रामाणिक आहे, साधं वायफाय कार्ड ब्रिजमधे घालायला गेलात तर "ऑपरेशन नॉट सपोर्टेड" म्हणून हाकलून देतं.

मग भाच्याकडे चाललं कसं? तर व्हर्च्युअलबॉक्सने केलेली लबाडी. पूर्वी शहरात कुणाकडे खोली घेऊन राहिलं की पत्रावर घरमालकाचं नाव यायचं, "द्वारा श्री. अमुक". तसंच. खालचा अ‍ॅडॅप्टर वायफायचा आहे हे कळलं की व्हर्च्युअलबॉक्स बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचं ०८:००:२७ खोडून डोंगलचा मॅक लिहितं. राउटर खूष. येणारी पाकिटंही सगळी डोंगलच्या नावाने येतात, मग कुठलं होस्टचं आणि कुठलं गेस्टचं? ते आतला आयपी बघून ठरवतं, कुठल्या गेस्टचा आयपी कुठला याची यादी ते ठेवतं.

पण पाकिटावरचं नाव बदललं तरी पत्राच्या आतही नाव असतं ना! एआरपी, म्हणजे "या आयपीचा मॅक कोणता" हे विचारणारं पत्र, त्यात आत परत मॅक लिहिलेला असतो, तो तसाच गेला तर राउटर पुढची सगळी उत्तरं ०८:००:२७ ला पाठवेल आणि ती हवेत विरतील, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स पत्र फोडून आतलं नावही बदलतं. डीएचसीपीत, म्हणजे आयपी मागणाऱ्या अर्जात, आतलं नाव ते तसंच ठेवतं आणि अर्जावरचा एक बिट बदलतं ज्याचा अर्थ "उत्तर मला एकट्याला नको, सगळ्यांना ओरडून सांगा". ओरडून सांगितलेलं डोंगललाही ऐकू येतं.

घरच्या लॅपटॉपवर भाच्याला एआरपीची यादी काढायला लावली, कमांड "एआरपी हायफन ए". डेस्कटॉपचा आयपी १९२.१६८.१.७ आणि व्हीएमचा १९२.१६८.१.१२, आणि दोघांसमोर अक्षर न अक्षर तोच मॅक. तो दोन मिनिटं नुसता बघत बसला. मला बरं वाटलं.

आता हॉस्टेल. कॉलेज, ऑफिस असल्या मोठ्या नेटवर्कच्या स्विचमधे एक तपासणी लावता येते, आयपीच्या अर्जाच्या पाकिटावरचा मॅक आणि आतल्या अर्जातला मॅक जुळतो का. नाही जुळला तर अर्ज कचऱ्यात. चोर पकडायला ठेवलेली सोय, सापडतो आपला पोटभाडेकरू, कारण पाकिटावर डोंगल आणि आत ०८:००:२७. लक्षणं सगळी तशीच होती, आणि व्हीएममधे विंडोज असतं तर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला असता, ज्याचा अर्थ "मागितला, कुणी दिला नाही, मीच एक घेतला". या आकड्याला लोक उगाच व्हायरस समजतात. हॉस्टेलच्या स्विचमधे डोकवायची सोय नाही आणि तिथल्या नियमाशी भांडायचंही कारण नाही, ब्रिज्ड सोडायचं आणि मोकळं व्हायचं.

उरलं नॅट. हे व्हर्च्युअलबॉक्सचं आपोआप येणारं सेटिंग आहे, यात होस्ट सगळा व्यवहार स्वतःच्या नावाने करतो आणि बाहेरच्यांना गेस्ट दिसतच नाही, म्हणून इंटरनेट बहुतेक ठिकाणी चालतं. मात्र दोन्ही व्हीएम नॅटवर टाकल्या की दोघींचा आयपी १०.०.२.१५ आणि पोरं ओरडतात आयपी कॉन्फ्लिक्ट! कॉन्फ्लिक्ट नाही, प्रत्येकीला स्वतंत्र नेटवर्क दिलेलं असतं, दोन सोसायट्यांमधे फ्लॅट नंबर १५ असतो तसं. पण त्यामुळेच एकमेकींना पिंग, म्हणजे "आहेस का" अशी हाक, होत नाही.

मित्राच्या पीसीवर शेवटी प्रत्येक व्हीएमला दोन अ‍ॅडॅप्टर दिले, पहिला नॅट, इंटरनेटसाठी, दुसरा होस्ट-ओन्ली, आपापसात बोलायला, १९२.१६८.५६ वाला. उबुंटूत पहिला ईएनपी०एस३ आणि दुसरा ईएनपी०एस८ नावाने दिसतो, सर्व्हर आवृत्ती असेल तर दुसऱ्याची नोंद नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमधे हाताने करावी लागते, तिथे पोरांनी अर्धा तास घालवला कारण स्पेसऐवजी टॅब दाबला होता. मग दोन्ही व्हीएमना एकच आयपी, १९२.१६८.५६.१०१. दुसरी व्हीएम पहिलीची क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, होती. मॅक नवीन घेतले होते, पण उबुंटू सर्व्हर आयपी मागताना ओळख म्हणून मॅक सांगत नाही, इटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि ती फाइल क्लोनमधे जशीच्या तशी उतरलेली. क्लोनमधली ती फाइल रिकामी करून रिस्टार्ट केलं, १०२ मिळाला, पिंग सुरू.

रात्री भाचा म्हणाला, "पण मामा, कॉलेजच्या प्रॅक्टिकल मॅन्युअलमधे तर स्पष्ट लिहिलंय ब्रिज्डच निवडा." मी विचारलं, कॉलेजच्या लॅबमधे पीसीला काय लावलंय? म्हणाला, "निळी वायर."