पट्टीवरची छिद्रं मोजा: पाच की आठ?

गणपतीआधी फोंड्याच्या जुन्या घराचा पोटमाळा झाडायला काढला, तेव्हा भाच्याला पत्र्याच्या ट्रंकेत कागदी पट्टीचं भेंडोळं सापडलं. पिवळी पडलेली, बोटभर रुंद, नुसती छिद्रंच छिद्रं. "मामा, ही कॉम्प्युटरची टेप! पूर्वी टेलिप्रिंटर जोडायचे ना कॉम्प्युटरला, त्याची." पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, त्याला सगळीकडे कॉम्प्युटरच दिसतो. मी म्हटलं, आधी एका आडव्या ओळीत छिद्रं किती ते मोज.

पाच निघाली. मधलं बारीक छिद्र धरायचं नाही, ते दातेरी चाकाने पट्टी पुढे ओढण्यासाठी असतं. पाच म्हणजे टेलेक्सची, म्हणजे तारेवरून टाइप केलेला मजकूर दूरच्या यंत्रावर छापणाऱ्या सेवेची पट्टी. आमचे काका वास्कोला एका खनिज निर्यात कंपनीत टेलेक्स ऑपरेटर होते. लाइनचे पैसे वेळेच्या हिशेबाने लागायचे, म्हणून मजकूर आधी सावकाश पट्टीवर पाडून ठेवायचा आणि जोडणी मिळाली की पट्टी भरधाव सोडायची.

भाच्याची चूक तशी क्षम्य आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत खडखडणारा टेलिप्रिंटर (ज्याची इंग्रजी कॉपी फाडून उपसंपादक मराठीत उतरवायचे) आणि कॉम्प्युटरला जोडलेला टेलिटाइप दिसायला भाऊभाऊच. कागदाचा रोल दोघांना, घंटीही दोघांना. फरक आहे तो पट्टीत.

पाच छिद्रांच्या जागांतून जुळण्या होतात फक्त ३२. इंग्रजी अक्षरंच २६, मग आकडे आणि विरामचिन्हं बसवायची कुठे? त्यावर शिफ्टची युक्ती काढली. एक खूण आली की पुढचं सगळं आकड्यांत वाचायचं, दुसरी आली की पुन्हा अक्षरांत. क्यू आणि १ यांची छिद्रं एकच, ओ आणि ९ यांची एकच, वाय आणि ६ यांची एकच. लाइनच्या खरखरीत ती शिफ्टची खूण हरवली, तर "१९६१" च्या जागी कागदावर "क्यूओवायक्यू" उमटायचं. मुरलेला उपसंपादक ते बघून गालात हसायचा आणि गोवामुक्तीचं साल बरोबर लिहायचा. दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला आहे, हे या यंत्राने गृहीतच धरलं होतं. वेगही माणसाच्या बेताचा: ५० बॉड, म्हणजे मिनिटाला साधारण ४०० अक्षरं.

कॉम्प्युटर असं समजून घेत नाही. त्याला प्रत्येक अक्षर स्वतंत्र, मागचंपुढचं न बघता कळलं पाहिजे. १९६३ साली आलेल्या अ‍ॅस्की संकेतात सात छिद्रांच्या १२८ जुळण्या झाल्या आणि आठवी जागा चूक पकडण्यासाठी वापरता आली. त्याच सुमाराचा टेलिटाइप मॉडेल ३३ हाच पुढे कॉम्प्युटरवाल्यांच्या टेबलावर ठाण मांडून बसला. पट्टी इंचभर रुंद, वेग सेकंदाला दहा अक्षरं, छपाई फक्त कॅपिटलमध्ये. १९६९ मध्ये केन थॉम्पसनने अमेरिकेच्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्सची (कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीची) सुरुवात केली तीही टेलिटाइपवरच. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये टर्मिनलला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) अजून "टीटीवाय" म्हणतात, ते टेलिटाइपचंच लघुरूप. भाचा हा शब्द रोज टाइप करतो, तो कुठून आला हे त्याला माहीत नव्हतं.

आणखी एक फरक मला फार गमतीचा वाटतो. कॉम्प्युटरला जोडलेल्या टेलिटाइपवर तुम्ही "ए" दाबलं, तर बहुधा ते थेट कागदावर उमटत नसे. ते आधी कॉम्प्युटरकडे जाई, कॉम्प्युटर ते परत पाठवी, मग खट्. उमटलं, म्हणजे त्याला पोचलं.

अर्थात सीमारेषा इतकी स्वच्छ नाही. केंब्रिजचा १९४९ चा एडसॅक हा कॉम्प्युटर पाच छिद्रांचीच पट्टी वाचायचा आणि उत्तरं टेलिप्रिंटरवर द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडणारं ब्रिटिशांचं यंत्र कोलोसस तर तसली पट्टी सेकंदाला ५,००० अक्षरांच्या वेगाने ओढायचं. तेव्हा "पाच छिद्रं म्हणजे कॉम्प्युटरची नव्हेच" असं छातीठोकपणे सांगू नका. फोंड्यातल्या ट्रंकेपुरतं सांगायला हरकत नाही.

चूक खोडायची रीत मात्र दोघांत एकच. पाडलेलं छिद्र बुजवता येत नाही, म्हणून सगळीच छिद्रं पाडून टाकायची. पाचवाल्यात ती जुळणी अक्षरांच्या शिफ्टची, म्हणून छपाईत दिसत नाही. अ‍ॅस्कीत डिलीटचा क्रमांक १२७, म्हणजे सातही छिद्रं, तो यामुळेच.

आमच्या पट्टीच्या सुरुवातीला बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी होती: पहिलं, तिसरं, पाचवं छिद्र, मग दुसरं, चौथं, पुन्हा तेच. वाय आणि आर, वाय आणि आर. लाइन तपासायला ऑपरेटर हेच पाठवायचे. त्यापुढे भाचा मोबाइलवर तक्ता उघडून एकेक अक्षर लावत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "डब्ल्यू टी पी पी पी टन्स. हा काय शब्द?"

"त्याच्या आधीची ओळ बघ. चार छिद्रं, मधली जागा कोरी?"

"आहे."

"ती आकड्यांची शिफ्ट. सुटली तुझी."

त्याने पुन्हा तक्ता बघितला. डब्ल्यू म्हणजे २, टी म्हणजे ५, पी म्हणजे ०. पंचवीस हजार टन.