पूररेषेत घर बांधायचंय? आधी आयर्विनचे फूट बाजूला ठेवा

सांगलीत घराची उंची पुराच्या सालांनी सांगतात. "पाचला अंगणात होतं, एकोणीसला खिडकीच्या वर गेलं, एकवीसला दारातनं परत फिरलं." कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हेही कुणी विसरलेलं नाही. पण बांधकाम परवान्याची फाईल घेऊन टेबलासमोर उभं राहिलात की यातला एकही आकडा कामाला येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुढं रांगेत दत्तनगरकडच्या एक मावशी होत्या. कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले, वर जुन्या भिंतीचा फोटो, फोटोत पुराच्या खुणेवर खडूनं ओढलेली रेघ. टेबलावरचा इंजिनिअर पोरगा समजूतदार होता. म्हणाला, "मावशी, हे फुटात आहे, मला मीटरमध्ये लागतंय. लाल पूररेषेची लेव्हल." मावशी म्हणाल्या, "अहो, पण पाणी तर फुटानंच आलं की ओ!"

तरी त्या पोराचंच बरोबर होतं. आयर्विनचं माप फक्त आयर्विनपुरतं असतं. नदीला उतार आहे, त्यामुळं पुलाजवळ ५० फूट असताना सांगलीवाडीच्या मळ्यात, हरिपूरला वारणेच्या संगमाजवळ किंवा मिरजेच्या कृष्णाघाटावर पाण्याची खरी उंची वेगवेगळी असते. म्हणून नियम समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये बोलतो. त्याला कुणी तलांक म्हणतात, साईटवर सगळे आरएल म्हणतात. तुमच्या प्लॉटसमोर लाल रेषेचा आरएल किती आणि तुमच्या जमिनीचा किती, या दोन आकड्यांवर पुढचा सगळा खेळ आहे. नकाशा काढण्याआधी, आणि जमलं तर प्लॉटचा विसार देण्याआधी, हे दोन आकडे हातात हवेत.

निळी आणि लाल

या रेषा जलसंपदा विभाग आखतो. जुने लोक अजून त्याला पाटबंधारे खातंच म्हणतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांत जे जास्त असेल ते जिथवर पोहोचतं, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. नदीपासून निळीपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित.

"शंभर वर्षांतून एकदा" ऐकून कुणी निवांत होऊ नये. हा सरासरीचा हिशेब आहे, नदीनं काही तसा करार केलेला नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या गावानं सोळा वर्षांत पाहिले.

दुसरी गल्लत सखल भागाची. शामरावनगरसारख्या ठिकाणी नदी पात्रात असतानाही पावसाचं पाणी तुंबतं. तो निचऱ्याचा प्रश्न आहे, पूररेषेचा नाही. "आमच्याकडं दरवर्षी पाणी येतं" म्हणजे प्लॉट पूररेषेत असेलच असं नाही. उलटंही खरं आहे. कधीच पाणी न पाहिलेला प्लॉट लाल रेषेच्या आत निघू शकतो.

नियम काय सांगतो

डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर सगळीकडं हीच. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं क्षेत्र आणि आसपासची गावं, दोन्ही तिच्यात येतात.

निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही. चालतं ते एवढंच: पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, बाग, मोकळी जागा, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाईनी, सार्वजनिक शौचालय, अशा प्रकारचं. घर नाही, गाळा नाही, पत्र्याचं गोडाऊनही नाही. अपवाद एकच. तिथं आधीपासून अधिकृत इमारत असेल तर ती पाडून नवी बांधता येते, पण जोतं, म्हणजे तळमजल्याच्या फरशीची पातळी, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं आणि जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला लागतो. यातला कळीचा शब्द "अधिकृत" आहे. त्याकडं पुढं येतोच.

निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नवीन बांधता येतं, अट तीच: लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट.

दीड फूट ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेबासाठी सोपे आकडे धरू. तुमच्यासमोर लाल रेषा १००.०० मीटरवर आहे आणि तुमची जमीन ९७.८० वर. जोतं यायला हवं १००.४५ ला. म्हणजे जमिनीपासून २.६५ मीटर, जवळजवळ पावणेनऊ फूट. सहा इंची पायरी धरली तर दारात पोहोचायला अठरा पायऱ्या. आजीचे गुडघे, गॅसची टाकी, गणपतीची मूर्ती, सगळं त्या अठरा पायऱ्या चढून वर जाणार. हा हिशेब कळला की बरेच जण खांबांवर घर घेऊन खाली गाड्यांची जागा ठेवतात. मला तेच शहाणपणाचं वाटतं, कारण खालून पाण्याला वाट राहते. भराव टाकून प्लॉट उंच केला तर तुमचं घर वाचेल, पण तेच पाणी शेजारच्याच्या घरात जाईल. शिवाय कायद्याच्या व्याख्येत भराव हाही "विकास"च आहे. ट्रक रिकामे करण्याआधी नगररचना विभागाला विचारा.

एक चांगली तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. प्लॉट निवासी, व्यापारी किंवा औद्योगिक अशा विकासयोग्य झोनमध्ये असेल आणि रेषा त्याच्या मधून जात असेल, तर पूररेषेत अडकलेल्या भागाचा एफएसआय (जमिनीच्या मानानं जेवढं बांधता येतं ते प्रमाण) उरलेल्या भागावर वापरायला मिळू शकतो. नदीकाठच्या लांबट प्लॉटवाल्यांनी आर्किटेक्टला हे आवर्जून विचारावं.

अर्ज कोण करू शकतो

मालक, किंवा मालकानं नोंदणीकृत कुलमुखत्यार दिलेली व्यक्ती. उताऱ्यावर भावांची, बहिणींची नावं असतील तर सगळ्यांची संमती लागते. आमच्याकडं निम्म्या फाईली इथंच अडतात. आजोबांच्या नावावरचा प्लॉट, वारसनोंद झालेली नाही, आत्या पुण्यात. आधी तलाठ्याकडं किंवा सिटी सर्व्हेत वारस लावून घ्या, मग बाकीचं.

गुंठेवारीवाल्यांसाठी, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट घेतलेल्यांसाठी, एक सूचना. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉट-बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. पण गुंठेवारीचा दाखला मिळाला म्हणून लाल रेषा पुसली जात नाही. नवीन मजला किंवा नवीन घर घेताना पातळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

फाईल कशी पुढं सरकते

सुरुवात नगररचना विभागातून करा, झोन दाखला आणि भाग नकाशा मागून. प्लॉट कुठल्या झोनमध्ये आहे, त्यावर आरक्षण किंवा रस्ता आहे का, पूररेषा जाते का, हे त्यावर दिसतं. रेषा जवळून जात असेल तर नकाशावर पट्टी लावून अंदाज करू नका. त्या प्रमाणात पेन्सिलीची रेघसुद्धा जमिनीवर काही फुटांची होते.

मग पाटबंधारे विभागाकडं लेखी अर्ज: अमुक गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, सोबत मोजणी नकाशा, या ठिकाणी निळ्या आणि लाल रेषेची पातळी कळवावी. निळ्या रेषेतलं जुनं घर नव्यानं बांधणार असाल तर त्याच अर्जात ना हरकत दाखला मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" यावर समाधान मानू नका.

तिसरं काम साईटवर. सर्व्हेअर ज्ञात पातळीच्या खुणेपासून लेव्हल आणतो आणि प्लॉटच्या चारी कोपऱ्यांचे, मधल्या खोलगट जागेचे आणि रस्त्याचे आरएल काढतो. तो स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, धरून उभा असतो तेव्हा तुम्ही स्वतः तिथं थांबा. माझ्या मावसभावानं नाही थांबायचं ठरवलं. लेव्हल रस्त्याच्या कडेची घेतली गेली, प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट खाली होता. नकाशा त्यावर बेतला, मंजूर झाला, आणि जोतं तपासणीला जिन्याच्या पायऱ्या कमी पडल्या. नकाशा नव्यानं काढावा लागला, खर्च दुप्पट.

त्यानंतर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर ऑनलाइन प्रणालीवर प्रस्ताव दाखल करतो. त्यानं नकाशावर लाल रेषेची पातळी, जमिनीची पातळी आणि जोत्याची पातळी, तिन्ही आकडे सेक्शनमध्ये (घराच्या उभ्या छेदात) लिहिले आहेत ना, हे तुम्ही बघा. छोट्या प्लॉटला झटपट परवानगीची सोय नियमावलीत आहे, पण तिच्या भरवशावर पूररेषेतल्या जागेत पाया खणायला घेऊ नका.

कागद साधारण हे लागतात: अलीकडचा सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत आणि फेरफार, भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत, मंजूर लेआउट किंवा गुंठेवारीचा दाखला, झोन दाखला, पूर पातळीचं पत्र, सर्व्हेअरचा लेव्हलचा नकाशा, बांधकामाचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा दाखला, सहमालकांची संमती. मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, तारीख मिळायला तिथंच वेळ जातो. आणि पावसाळ्यात नदीकाठच्या शेतात साखळी ओढता येत नाही, हे लक्षात घ्या.

पुनर्विकासवाल्यांना यावर आणखी एक गठ्ठा लागतो: जुनी इमारत अधिकृत होती याचा पुरावा. जुना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधून झाल्यावर इमारत वापरायची परवानगी) असेल तर उत्तम. पण गावभागातल्या, मारुती रोडच्या कितीतरी घरांचे हे कागद पुरातच गेले. अशा वेळी नगरपालिकेच्या काळातल्या परवान्याची नक्कल अभिलेख कक्षातून मागा, सिटी सर्व्हेचा जुना उतारा काढा, जुन्या घरपट्टीचे आकारणी उतारे जोडा. नुसती घरपट्टीची पावती मात्र पुरत नाही. कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरलं, हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय आणि तोच सगळ्यात जास्त नडतो.

हरिपूर, अंकलीसारख्या गावांत फाईलची वाट वेगळी आहे. गावठाणात ग्रामपंचायत, बाहेर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना शाखा. पूररेषेचा नियम तोच, पातळी मागायची तीही पाटबंधाऱ्याकडंच.

पुरानंतरची डागडुजी, म्हणजे गिलावा, रंग, फरशी बदलणं, कौलं-पत्रे पूर्वीसारखे घालणं, याला परवानगी लागत नाही. भिंती पाडून खोल्या वाढवणं किंवा वर मजला चढवणं ही डागडुजी नव्हे. जॅक लावून अख्खं घर उचलून देणारेही आता फिरतात. त्यांच्या हाती घर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि नगररचना विभागाचं उत्तर, दोन्ही घ्या.

त्रुटी, नकार आणि पुढं

त्रुटी पत्र आलं तर तोंडी भांडू नका, मुद्देनिहाय लेखी उत्तर द्या. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. जोतं लाल रेषेच्या खाली दाखवून साठ दिवस मोजत बसणाऱ्याला याचा उपयोग नाही. नकार आला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडं अपील करता येतं. परवाना न घेता बांधलंत तर बांधकाम काढून टाकायची कलम ५३ ची नोटीस, आणि तिथून पुढं वकिलाचा खर्च.

परवाना एक वर्षाचा असतो, दरवर्षी वाढवून घेता येतो, एकूण चार वर्षांपर्यंत. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी मागा आणि त्या दिवशी तुमचा सर्व्हेअर लेव्हलसकट हजर ठेवा. जोतं एकदा चुकलं तर वरच्या भिंती पाडूनच दुरुस्त होतं. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. निळ्या पट्ट्यातल्या लोकांना "अधिकृत" सिद्ध करताना आज हाच कागद सापडत नाही.

पूर पातळीच्या पत्रावरची तारीख तेवढी बघा. जलसंपदा विभागानं रेषा बदलल्या की नियमातल्या रेषाही आपोआप बदलतात, असं नियमावलीतच लिहिलंय. मागच्या मालकानं प्लॉटसोबत दिलेलं जुनं पत्र फाईलला लावू नका, आपल्या नावानं नवीन मागवा.