बटरफ्लाइज पोटात, टेंटरहुक्स ताणावर

इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या 'बटरफ्लाइज इन द स्टमक' आणि 'ऑन टेंटरहुक्स' या दोन्हींपुढे 'नर्व्हस असणे' एवढंच लिहून मोकळ्या होतात. मग मुलाखतीच्या दारात उभी असलेली मुलं 'आय ॲम ऑन टेंटरहुक्स' म्हणतात. हे चुकीचं आहे, आणि दोष त्या याद्यांचा आहे.

बटरफ्लाइज सगळ्यांना ठाऊक आहेत. भीतीने ॲड्रिनलिन वाढतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि आत कालवाकालव होते. शब्दप्रयोग विसाव्या शतकातला. मराठीत 'पोटात फुलपाखरं उडाली' मात्र कृपा करून लिहू नका. आपल्या पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं; तेवढं पुरेसं आहे.

टेंटरहुक्सची गोष्ट इंग्लंडच्या लोकरीच्या धंद्यातली. विणलेलं लोकरी कापड पाण्यात कुटून धूत, म्हणजे वीण घट्ट होई. ते ओलं कापड तसंच वाळू दिलं तर आटतं, वेडंवाकडं होतं. म्हणून गिरणीबाहेर मोकळ्यावर लांबलचक लाकडी चौकटी उभ्या असत. ही चौकट म्हणजे टेंटर. तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर काटकोनात वाकवलेल्या खिळ्यांची रांग असे; हेच टेंटरहुक्स. कापडाचे काठ त्या खिळ्यांत अडकवायचे, ताण द्यायचा आणि वाळेपर्यंत सोडायचं नाही. काही लबाड लोक गरजेपेक्षा जास्त ताणून कापडाची लांबी वाढवत, त्याविरुद्ध कायदेही झाले. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात 'टेंटर ग्राउंड' हे नाव अजून टिकून आहे. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, ज्याने कापड ताणून वाळवणारं स्टेंटर मशीन पाहिलंय, त्याला वेगळं समजावायला नको: दोन्ही काठ पिनांत किंवा क्लिपांत धरलेले आणि कापड ताणात पुढे सरकतंय.

काही जण टेंटरहुक्स म्हणजे कसायाचे मांस टांगायचे आकडे समजतात; त्यांचा इथे काही संबंध नाही. आणि काही जण लिहितात तसा 'टेंडर हुक्स' असा शब्दच नाही.

आता खरा फरक. चौकटीवरच्या कापडाला स्वतः काही करायचं नसतं; ते ताणलेलं राहतं आणि सोडवणारा हात दुसऱ्याचा असतो. टेंटरहुक्सवरच्या माणसाचंही तसंच. निकाल दुसऱ्याच्या हातात आणि आपण अधांतरी. १७४८ साली स्कॉटिश लेखक टोबायस स्मॉलेटने आपल्या कादंबरीत हा प्रयोग केला, तोही अनिश्चिततेत ताटकळत ठेवलेल्या माणसासाठीच. बटरफ्लाइजमध्ये उलट असतं: जे करायचं ते आपल्यालाच, आणि आत्ता. एमपीएससीच्या मुलाखतीसाठी नाव पुकारलं जाण्याआधी बटरफ्लाइज. मुलाखत देऊन आल्यावर अंतिम यादी लागेपर्यंत टेंटरहुक्स. बोलायला तोंड उघडलं की बटरफ्लाइज बहुधा ओसरतात. टेंटरहुक्सवरून सुटायला मात्र बातमीच यावी लागते. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: जीव टांगणीला लागणे. याद्या करणाऱ्यांनी तो का लिहू नये, हे मला कळत नाही.

याच जातीच्या 'पिन्स अँड नीडल्स' या वाक्प्रचाराचं थोडक्यात: आधी 'ऑन' असेल तर अर्थ टेंटरहुक्ससारखाच, अमेरिकेत जास्त चालणारा. 'हॅव' असेल तर हातापायाला मुंग्या आल्यात. डॉक्टरांपुढे बोलताना हा 'ऑन' आणि 'हॅव' सांभाळा.