पायांनी राखलेल्या वाटा

एप्रिलअखेर रानात ब्लूबेल फुलली की इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी दहा-पंधरा जणांचे गट एका गावच्या चर्चपाशी जमतात. शेताशिवारातून पाच-सात मैल चालून ते दुसऱ्या गावच्या पबमध्ये जेवायला पोचतात. वाट कोणाच्या गव्हातून जाते, कोणाच्या गोठ्याला वळसा घालते, क्वचित एखाद्याच्या अंगणातूनही जाते. परवानगी कोणाचीच लागत नाही. तिथे ‘फुटपाथ’ म्हणतात तो या वाटेलाच. रस्त्याकडेच्या फरसबंदीला तिथला माणूस ‘पेव्हमेंट’ म्हणतो.

या वाटा फिरायला म्हणून कोणी आखलेल्या नाहीत. चर्चला, गिरणीला, बाजाराला आणि शेतमजुरीला जाणाऱ्या पावलांनी त्या पडल्या. यॉर्कशरमधल्या स्वेलडेल खोऱ्यात वरच्या वाड्यांना स्वतःची दफनभूमी नव्हती. तिथले लोक केल्डपासून ग्रिंटनपर्यंत सुमारे १६ मैल प्रेत खांद्यावर वाहून नेत. १५८० मध्ये मधल्या म्यूकरला चर्च झाले आणि ही पायपीट संपली, पण वाट टिकली. इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्वच असे आहे की एकदा सार्वजनिक झालेली वाट वापर थांबला म्हणून मरत नाही. ती मिटवायची तर कायदेशीर आदेशच लागतो.

गटाने आणि वसंतातच चालण्यालाही जुनी परंपरा आहे. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या असेन्शन सणाच्या आधीचे तीन दिवस रोगेशनचे. त्या दिवसांत पाद्री आणि गावकरी पिकांसाठी प्रार्थना म्हणत पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, शीव फिरत. १५५९ मध्ये राणी एलिझाबेथच्या आदेशांनी इतर मिरवणुका बंद केल्या, ही मात्र राखली, कारण नकाशे नसलेल्या काळात शिवेचा पुरावा लोकांच्या आठवणीतच असे. मुलांना सीमेच्या दगडावर आपटत, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहावी. चालणे म्हणजे पुरावा, ही कल्पना इथूनच रुजलेली दिसते.

मोठा घाव बसला तो साधारण १७५० ते १८५० या काळात. संसदेच्या चार हजारांहून अधिक कायद्यांनी सामायिक शेते आणि कुरणे कुंपणबंद झाली. अशा प्रत्येक ठिकाणी आयुक्त नेमून कोणती वाट राहणार नि कोणती जाणार हे निवाड्यात लिहिले गेले. आज एखादी वाट कुंपणाला धरून एकदम काटकोनात वळते, तेव्हा त्यामागे अनेकदा असा निवाडा असतो. पुढे १८१५ च्या कायद्याने दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना ‘अनावश्यक’ वाट बंद करायची मुभा दिली. हे अधिकारी बहुधा स्वतःच जमीनदार किंवा जमीनदारांचे स्नेही, त्यामुळे वाटा भराभर बुजल्या. त्याविरुद्ध यॉर्कमध्ये १८२४ साली आणि मँचेस्टरमध्ये १८२६ साली जुन्या पायवाटा वाचवणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या शहरी माणसाला मोकळा श्वास मिळायचा तो याच वाटांवर.

१९३२ म्हटले की तिथे सगळ्यांना किंडर स्काउट हा डोंगरमाळ आठवतो. २४ एप्रिलला बेनी रॉथमन या कामगार कार्यकर्त्यासह सुमारे चारशे जण शिकारीसाठी राखलेल्या त्या माळावर घुसले आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. पण तो लढा उघड्या माळरानावर मोकळेपणी फिरण्याचा होता, आणि चालणाऱ्यांच्या अनेक प्रस्थापित संघटनांना ती पद्धत मान्यही नव्हती. गावांमधल्या वाटांच्या दृष्टीने त्याच वर्षीचा मार्गहक्क कायदा जास्त मोलाचा आहे. जबरदस्तीने नव्हे, चोरून नव्हे, परवानगी मागूनही नव्हे, अशी लोकांची सलग २० वर्षे ये-जा झाली, तर मालकाने ती वाट सार्वजनिक म्हणून दिली असे मानायचे, हे त्याने ठरवले. मालकाचा तसा इरादा नव्हता हे दाखवता आले तर दावा पडतो. म्हणून काही मालक वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लावत. मराठी वाचकाला हे सगळे ‘वहिवाट’ या एका शब्दात समजेल. आपल्याकडे हा वाद बहुधा दोन बांधकऱ्यांमध्ये असतो, तिथे मात्र वाट कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याची ठरते.

१९४९ च्या राष्ट्रीय उद्यान आणि ग्रामीण भाग प्रवेश कायद्याने हे हक्क कागदावर आणले. प्रत्येक काउंटीने ‘निश्चित नकाशा’ करायचा होता, आणि त्यासाठीची पाहणी बहुतेक ठिकाणी पॅरिश कौन्सिलांनी केली. काहींनी एकेक वाट चालून नोंदवली, काहींनी काम कसेबसे उरकले. त्यामुळे आजही एखादी वाट पॅरिशच्या शिवेवर शेताच्या मध्येच संपते. शेजारच्या गावाने पुढचा तुकडा नोंदवलाच नाही, एवढेच त्याचे कारण. नकाशावर असलेली वाट निर्विवाद. नसलेली सिद्ध करावी लागते. जुन्या कागदांवरून अशा वाटा नोंदवून घ्यायला २००० च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत वाढवली गेली.

वसंतात चालताना हा इतिहास पायाखाली येतो. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर वाट हिरव्या तुटक रेषेने दिसते, जागेवर पिवळा बाण तीच दाखवतो. निळा बाण असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा. डांबरी रस्ता सोडून वाट शेतात शिरते तिथे पाटी लावायची जबाबदारी १९६८ पासून प्रशासनावर आहे. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडल्यापासून १४ दिवसांत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत, ती किमान १ मीटर रुंद पुन्हा करून द्यावी लागते. बांधाकडेची वाट नांगरायचीच नाही. मेमध्ये पिवळ्या रेपचे, म्हणजे मोहरीसारख्या तेलबियांचे, पीक छातीपर्यंत वाढून वाट गिळते. तेव्हा कडेने वळसा घालायचा मोह होतो, पण तो टाळावा. नकाशातल्या रेषेवरूनच एकामागे एक चालावे; हक्क त्या रेषेचाच असतो, आणि गटाच्या पावलांनी ती पुन्हा उघडते.

कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांपाशी, म्हणजे स्टाइलपाशी, पंधरा जणांची पाच मिनिटे सहज जातात. वेळेचा हिशेब करताना बहुतेकजण इथेच चुकतात. ताशी दोन मैल धरलेले बरे. मेंढ्यांची वीण चालू असेल तर कुत्रा दोरीलाच हवा. वासरे असलेल्या गाई अंगावर आल्या तर मात्र दोरी सोडून द्यावी, कारण त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि तो पळून सुटू शकतो.

नकाशात नसलेल्या वाटेसाठी आजही चालणाऱ्यांच्याच साक्षी गोळा कराव्या लागतात. त्यासाठीच्या छापील अर्जात विचारलेले असते: कोणत्या सालापासून चालता, वर्षातून किती वेळा, वाट किती रुंद होती, फाटकाला कधी कुलूप दिसले का, कोणी अडवले का. सोबत वाट काढलेला नकाशा जोडायचा आणि खाली सही करायची.